यादीत नसलेली एकोणीस मुलं

प्रिय दिपेश,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत बसत नाही.

तुझं बंगळुरूचं भाषण पाहिलं. पडद्यावर चारकोपचा आपला गाळा होता, कडेला माझा अर्धा खांदा. साकीनाक्याच्या भंगारातून उचललेले जुन्या बत्तीस बिटी बनावटीचे कॉम्प्युटर आपण लिनक्स चढवून कसे जिवंत केले आणि गोरेगावच्या ट्रस्टच्या चार दवाखान्यांत कसे लावले, ते तू छान सांगितलंस. लहान मुलांचे कान तपासणारे दवाखाने, हेही सांगितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं सांगितलं नाहीस, म्हणून मी लिहितेय.

दवाखान्यांचं काम बघणाऱ्या जयंतीताईंनी मला गेल्या महिन्यात विचारलं, सी लायब्ररी म्हणजे नक्की काय गं? मी सांगितलं, मशीनवरच्या प्रोग्रामला तारीख हवी असो, फाइल हवी असो की मेमरी, तो थेट लिनक्सकडे जात नाही, या लायब्ररीकडे मागतो. ती जड असली की जुनं मशीन धापा टाकतं, म्हणून हलकी निवडायची. त्या म्हणाल्या, म्हणजे एवढीशी गोष्ट. मी हो म्हटलं.

जीलिबसी ही नेहमीची जड लायब्ररी त्या मशीन्सना झेपत नव्हती, यावर आपलं भांडण नव्हतंच. मी मसल नावाची हलकी लायब्ररी लावून बघत होते. नवी मसल बत्तीस बिटी मशीनवरही २०३८च्या पुढच्या तारखा नीट सांभाळते, हे माझ्या तीन पानी टिपणात स्पष्ट होतं. तुझ्याकडे आधीच्या नोकरीतली यूसीलिबसी ही दुसरी, जुनी हलकी लायब्ररी तयार होती, प्रिंटरच्या ड्रायव्हरसकट. तिला जानेवारी २०३८च्या पुढची तारीख मांडताच येत नाही. मसल घ्यायची तर सगळं पुन्हा बांधायला तीन आठवडे लागले असते, आणि ट्रस्टनं उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या होत्या. तू माझ्या टिपणाची शेवटची ओळ बदललीस. मसलच्या जागी यूसीलिबसी. खाली सही माझी.

आता निधीबद्दल. तू तिला पाहिलेलं नाहीस. मनोरीची, मंजुळाची मुलगी. मंजुळा बोरिवलीच्या बाजारात मासळी विकते. निधीचा जन्म मार्च २०२०चा. अडीच वर्षांची असताना तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, दर चार महिन्यांनी तपासू, ऐकणं कमी होत गेलं तर लगेच कानाला मशीन लावू, कारण बोलणं शिकायचं वय हेच असतं. वेळ आली की दवाखान्यातून फोन येईल.

फोन कुणाला करायचा ते आपला प्रोग्राम ठरवायचा. अठराच्या आतली मुलं तेवढी यादीत. त्यासाठी तो जन्मतारखेत अठरा वर्षं मिळवायचा. निधीची बेरीज गेली मार्च २०३८वर. लायब्ररीला ती तारीख मांडता येईना, तिनं ‘जमत नाही’ अशा अर्थी उणे एक परत केलं, आपण ते तपासलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर तारखा १९७०पासून मोजतो म्हणून प्रोग्रामच्या हिशेबी निधी १ जानेवारी १९७०लाच सज्ञान झाली. यादीतून नाव गेलं. चूक म्हणून कुठे काही उमटलं नाही.

मंजुळा दोनदा स्वतःहून विचारायला आली होती, टोपली बाहेर ठेवून. काउंटरवरच्या पोरीनं स्क्रीन बघून सांगितलं, तुमचं नाव नाहीये, म्हणजे आत्ता गरज नाही. मंजुळानं विश्वास ठेवला. मला म्हणाली, “कॉम्प्युटरात होतं ना, मग मी काय बोलणार?” चौदा महिने गेले. तिसऱ्यांदा ती निधीला घेऊनच आली, तेव्हा लेकीला दारावरची थापसुद्धा ऐकू येत नव्हती. आता मशीन लावलंय. चार वर्षांच्या मुलीला आठ शब्द येतात. पुढे बोलेल, पण किती आणि कसं, ते डॉक्टर सांगत नाहीत. २०२०च्या जानेवारीनंतर जन्मलेली अशी एकूण एकोणीस मुलं निघाली. बाकीच्यांचं थोडक्यात निभावलं.

ट्रस्टनं तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, लायब्ररीची निवड गंधालीची होती, टिपणावर तिची सही आहे. जयंतीताईंनी तो मेल मला वाचून दाखवला. मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं, मला धक्का बसला. धक्का नव्हता रे. तुला मी ओळखते.

गप्प राहिले त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते तुला माहीत आहे. मशीन्स द्यायच्या आठवडाभर आधी मी एका खोट्या बाळाची नोंद करून बघितली होती. १ जानेवारी १९७० तेव्हाच आलं होतं. कागद छापून तुझ्या टेबलावर ठेवला. तू वाचलास आणि म्हणालास, “२०३८ कोण बघायला जातंय यार?” मी तेव्हा बोलायला हवं होतं की २०३८ आजच आलंय, या बाळाच्या नोंदीत आलंय. मला ते स्वच्छ दिसत होतं. पण त्याच रविवारी तू तुझ्या आईला घेऊन आमच्या घरी येणार होतास. आईनं पडदे धुवायला काढले होते. मला त्या आठवड्यात भांडण नको होतं. तू बदललेल्या टिपणावर मी सही केली. तुम्ही आलात, पोहे खाल्लेत, आणि दोन महिन्यांनी तू बंगळुरूला गेलास तो गेलासच. म्हणजे ज्यासाठी गप्प बसले तेही मिळालं नाही. आणि मिळालं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं, ही गोष्ट मला जास्त झोंबते.

आज सकाळी मी ट्रस्टला लेखी जबाब दिला. टिपणाची माझी मूळ प्रत, तू ओळ बदललेली प्रत, आणि त्या चाचणीचा कागद, तिन्ही जोडले. तुझं नाव लिहिलं. त्याच्या वर माझं लिहिलं, कारण कागद आधी मी पाहिला होता. मंजुळालाही सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला निधीजवळ जाऊ दिलं नाही. यावर ट्रस्टच्या समितीची बैठक शनिवारी आहे. फोन केला असता तर तू बोलला असतास, आणि मी पुन्हा ऐकलं असतं. म्हणून हे पोस्टानं पाठवतेय. तुझ्या हातात पडेल तोवर शनिवार होऊन गेला असेल.

एके काळी तुझीच,
गंधाली