लाँच घेण्याआधी

पेण, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रघू,
सलाम आणि न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोललं की अख्ख्या आळीला कळतं, तुला सोडून. म्हणून हे पत्र.

धरमतरला एक लाँच विकायची आहे. फायबरची, वर छत, पंधराएक माणसं आरामात बसतील अशी. मालक काळुराम आता थकलाय. दुबईहून कायमचा परतलो तेव्हापासून मी नुसता ओटीवर बसून आहे. पाहुण्यांना खाडीत फिरवून आणायचं, हे मनाने घेतलंय. साठवलेलं बरंचसं त्यात जाईल. पण लाँच कोरी करकरीत दिसते, निळा रंग असा चकाकतो की बघत राहावं. नफिसा मात्र हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. तुझं मत लवकर कळव.

तुझा, अजून हातपाय धड असलेला,
अब्बास


रोहा, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अब्बास,
स. न. वि. वि.

पत्रातला 'चकाकतो' तेवढा मला खटकला. शाळेची तपासणी यायची तेव्हा आम्हीसुद्धा आधी भिंती रंगवायचो, आणि रंग नेमका ओल आलेल्या भिंतीला जाड लागायचा!

वृंदाचा भाचा हर्षद होड्यांचा सर्व्हे करतो. विकत घेण्याआधी त्याच्याकडून तपासून घे. तो बघेपर्यंत काळुरामच्या हातावर काही ठेवू नकोस. वृंदा म्हणते, भावजींना सांगा, उतारवयातली हौस असली तरी ती बुडणारी नसावी. मी तिला म्हटलं, तुझं वाक्य जसंच्या तसं लिहितो.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, रागवलास तरी राहू दे.
रघुनाथ


पेण, २० नोव्हेंबर २०२४

प्रिय रघू,
सलाम आणि न. वि. वि.

तुमचा हर्षद येऊन गेला. आल्या आल्या त्याने इंजिनावर हात ठेवला, आणि हे गरम कसं, असं विचारलं. काळुराम ओशाळला. तुम्ही येण्याआधी जरा चालवून ठेवलं, म्हणाला. हर्षद हसला, आणि थंड झाल्यावरच सुरू करून बघू म्हणून चहा प्यायला बसला. थंड इंजिन जरा खोकलं, पण लागलं.

लाँच आधीच वर ओढून ठेवली होती. लहानशा हातोडीने त्याने तिचा सगळा तळ ठोकून पाहिला. एका ठिकाणी आवाज बद्द आला. रंगाखाली जुनी दुरुस्ती निघाली, पण नीट केलेली. पाण्याखालच्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलाय, तो बदलावा लागेल. बाकी अंग मजबूत आहे.

मात्र डिझेलची टाकी फळ्यांखाली बंद आहे. दुसऱ्याची लाँच फोडून बघता येत नाही, म्हणून अहवालात त्याने 'टाकी आतून पाहता आली नाही' असं स्पष्ट लिहिलं. मी म्हटलं, मग पुढे काही होणार नाही ना? तर म्हणाला, काका, मी आजची लाँच सांगतो, उद्याची नाही. फी घेतोस आणि वर हे ऐकवतोस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं!

आता पाण्यात चालवून बघायची राहिली आहे. नफिसा आपण होऊन म्हणाली, मीपण येते.

गोंधळलेला,
अब्बास


रोहा, २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय अब्बास,
स. न. वि. वि.

'पाहता आली नाही' असं लिहून देणाऱ्यावर माझा विश्वास बसला. सगळं ठीक आहे म्हणाला असता तर मीच तुला अडवलं असतं. पाण्यात चालवून बघ, आणि भरती-ओहोटी बघून जा. काय झालं ते सविस्तर कळव. इथे वृंदा रोज पोस्टमनची वाट बघते आणि मी वाट बघतो असं सगळ्यांना सांगते.

तुझाच,
रघुनाथ


पेण, ८ डिसेंबर २०२४

ती. रघुनाथभाऊंस,
नफिसाचा सलाम. वृंदावहिनींनापण.

पत्र मी लिहिते, कारण ह्यांना ते लिहायची लाज वाटते. काळुरामभाऊ, हे आणि मी, असे आम्ही निघालो. बंदराचा धक्का सुटला नाय तोवर ह्यांना मळमळायला लागलं. सगळी नोकरी जहाजांच्या कंपनीत, पण हापिसात! हे लाँचच्या काठावर मान टाकून बसले. काळुरामभाऊ ह्यांना पाणी पाजायला आले, म्हणून चाक मी धरलं.

पुढे मधेच इंजिन बंद पडलं. मागून कोळशाचा बार्ज येत होता, आणि पाणी आम्हाला त्याच्या वाटेत ओढत होतं. मी नांगर टाकला, दोर आवळला. तोंड फिरलं, लाँच थांबली आणि बार्ज बाजूने निघून गेला. टाकीतला गाळ फिल्टरात अडकला होता. काळुरामभाऊंनी तो साफ केला तसं इंजिन लागलं. नवी टाकी आणि बुश ते स्वतः बसवून देणार आहेत. तेवढं झालं की लाँच आपली. चालवायचा परवाना मात्र मी काढणार.

हे तसेच मान टाकून मला म्हणाले, तू हे कुठे शिकलीस गो? माझ्या बाबांची मीठ वाहायची होडी होती, भाऊ. लग्नाआधी मी ती वल्हवायची, भर पावसातसुद्धा. हे कायम तिकडे, मी इकडे. सुट्टीत आले की घरात पाहुणेच पाहुणे. विचारायचं राहून गेलं असेल. मग मी सांगायला लागले. बाबा, आमची खाडी, एकदा होडी उलटली ते, सगळं. हे डोळे मिटून ऐकत होते. मधेच, पुढे काय झालं, असं विचारत होते.

धक्का आला तरी माझं सांगून व्हायचं होतं. ह्यांना विचारलं, अजून जरा सोसवेल काय? हे व्हय म्हणाले. मी लाँच परत खाडीत वळवली.

दोघं नक्की या. माया आहे ती कमी करू नका.
तुमची बहीण,
नफिसा