उजवी की डावी

स्टेट कॉलेज, अमेरिका,
१४ नोव्हेंबर २००४

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार आधी करून घेते, कारण पुढे रागावणार आहे.

तुमची अँजिओग्राफी झाली हे मला रत्नामावशीकडून कळलं. आई दर रविवारी फोनवर "बाबांना जरा गॅसेस झालेत" एवढंच सांगत होती. सावनीची परीक्षा आहे, तिला कळवू नका, असं तुम्हीच ठरवलंत ना?

बाबा, मी इथे संशोधनासाठी लॅबमध्ये दिवसभर दुसरं काय करते? पेशंटच्या अँजिओग्राफी बघते आणि हृदयाच्या मागच्या भागाला रक्त उजवी रक्तवाहिनी पुरवते की डावी, ते ठरवते. बहुतेकांना उजवी पुरवते. थोड्यांना डावी, आणि त्यांच्या डावीत ब्लॉक आला तर जास्त जपावं लागतं. तुमचा ब्लॉक डावीत आहे म्हणे. मग तुमच्या हृदयाला मागून रक्त कोण पुरवतं, असं आईला विचारलं, तर म्हणते, "डॉक्टर फार सज्जन आहेत गं."

मी डॉक्टर नाही, कबूल. पण परकीही नाही.

मी बरी आहे. जाड कोट घेतलाय. रूममेट अबोलीने पिट्सबर्गहून मेथी आणली, ती मी करपवली. तुम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत भाजी घेऊन चढत नाही ना? आईचे गुडघे कसे आहेत?

अँजिओग्राफीची सीडी कुरिअरने पाठवा. इथे येणाऱ्या सीडींवरची पेशंटची नावं पुसलेली असतात, म्हणून मला त्या शांतपणे बघता येतात. तुमच्या सीडीवरचं नाव मात्र राहू द्या.

तुमच्यावर चिडलेली,
सावनी