जिंकायची कोंबडी

५ ऑक्टोबर
येत्या शनिवारी फोर्कलिफ्टची परीक्षा. पास झालो की गोदामात खोकी उचलणं बंद, सीटवर बसून पगार. नापास झालो तर कावासाकी शहर सोडून गावी, आओमोरीला, दादाच्या सफरचंदाच्या बागेत. म्हणजे पासच व्हायचंय. उद्यापासून अभ्यास.

६ ऑक्टोबर
पुस्तक जाड आहे. चित्रं कमी. शाळा उगाच सोडली नव्हती.
त्यापेक्षा कात्सु. परीक्षेआधी सगळेच खातात. कात्सु म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेली कोंबडी, आणि कात्सु म्हणजेच जिंकणे. स्वतःच्या हाताने केली तर जोर दुप्पट. कामगारांच्या वसतिगृहात तळणीला बंदी, म्हणून एअर फ्रायर घेतला. तेल कमी, जिंकणं तेवढंच.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
पहिला प्रयत्न. कोंबडी थोपटली, मैदा, अंडं, चुरा, सगळं रीतसर. आतला पंखा सुरू झाला आणि सगळा चुरा प... नाही. परीक्षा जवळ आली की हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, आमच्याकडे नापास होण्यालाही तोच शब्द आहे. चुरा खाली उतरला.
शेजारच्या खोलीतले होरीउची-सान डोकावले. म्हणाले, काय रे रोकुरो, ही जिंकून आलीय की आंघोळ करून?
लक्ष दिलं नाही.

९ ऑक्टोबर
आज चुरा दाबून बसवला. बसला. पण रंग पांढराफटक. होरीउची-सान म्हणाले, बिचारीला ताप आहे का? कात्सु खाऊन पास होता आलं असतं तर आमचा खानावळवाला एव्हाना न्यायाधीश झाला असता. वर दोन तुकडे उचलून गेले.
पुस्तक उघडलं. पानावर मैदा सांडला. मिटलं.

११ ऑक्टोबर
वसतिगृहाच्या स्वयंपाकीण तोमिए-बाईंना शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, अरे शहाण्या, चुरा आधी तव्यावर चमचाभर तेलात लालसर परतून घे, मग लाव. आणि अभ्यास झाला का? मी म्हणालो, परवा बसतो. त्या म्हणाल्या, परीक्षा उद्या आहे.
बारीकसारीक गोष्टींत या बायका फार अडकतात.

११ ऑक्टोबर, रात्र
झाली! सोनेरी. चावली की कुर्रकन आवाज. होरीउची-सान या वेळी ताट घेऊनच आले.
आईला फोन केला. म्हणालो, पास झालो असं समज. दादालाही सांग.

१२ ऑक्टोबर
सकाळी चार कात्सु खाल्ल्या. हॉलमध्ये जरा डोळा लागला. पर्यवेक्षकांनी अदबीने उठवलं. एक प्रश्न सोपा होता: माल घेऊन उतारावरून खाली जाताना गाडी पुढे चालवावी की मागे? लिहिलं, पुढे. जिंकणारा माणूस मागे जात नाही.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
वर्गात सगळे पास. एक सोडून. मास्तर म्हणाले, उतारावर माल घेऊन पुढे गेलास तर माल पडेल, गाडी पडेल, वर तू पडशील. तोच शब्द तीनदा.

१३ ऑक्टोबर
आईचा फोन. आळीत घरोघरी आनंदाचा लाल भात वाटून झालाय. बोलायला तोंड उघडलं तर तिने फोन दादाला दिला. दादा कधी नव्हे इतका गोड बोलला. म्हणाला, रोक्या, तुझ्या भरवशावर जुनी फोर्कलिफ्ट घेतली. बाग उतारावर आहे, आमच्यातलं कोणी हात लावायला धजत नाही. पुढच्या रविवारी ये, अख्खी आळी बघायला येणार आहे.
येतो म्हणालो. आवाज अगदी ठाम होता.