चौथा खांदेकरी

मी, अप्पाजी निंगाप्पा मिराशी, वय सदुसष्ट, पूर्वी कर्नाटक विधानसभेत मार्शल, सध्या राहणार रायापूर, धारवाड, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे सर्व मी आपखुशीने लिहीत आहे. माझा हात धरून कोणी काही लिहवून घेतले असेल अशी शंका घेऊ नये. लोकांना धरून नेणे हा माझाच धंदा होता. मूळ गाव अळणावरजवळ आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण गावालाही माझे नाव घेणे आवडत नाही.

कलम १. रायापूरचे राहते घर माझी मुलगी रूपा हिला मिळावे. माझी पत्नी जनाबाई गेल्यापासून माझा खोकला आणि माझा तापटपणा दोन्ही तिनेच सोसले. बँकेतील ठेव मुलगा किरण याची. त्याने घरात वाटा मागू नये आणि रूपाने ठेवीत. भांडायचेच असेल तर मी जिवंत आहे तोवर भांडून घ्यावे.

कलम २. गावच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ उमेश याला द्यावा. चारचौघांत त्याने माझी बाजू कधी घेतली नाही, पण शेत त्यानेच कसले.

कलम ३. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला म्हैसूर पेटा, चंदनाचा हार आणि शाली रूपाने ज्याला हव्या त्याला द्याव्यात. तो समारंभ चांगला झाला. विधानसभेच्या सभाध्यक्षांनी स्वतः पेटा डोक्यावर चढवला. ज्यांना मी सभागृहाबाहेर नेले होते, तेही हार घेऊन आले. एक जण भाषणात म्हणाले की या माणसाने आम्हाला उचलले पुष्कळदा, पाडले कधीच नाही. सगळे हसले. मी दाराकडे बघत होतो, कारण गावात निरोप धाडला होता. कोणी आले नाही.

आमच्या गावच्या लक्ष्मीदेवीच्या जत्रेत नोकरी पुरी करून आलेल्याला देवळापुढे शाल-नारळ देऊन मान देतात. मास्तरांना दिला, मिलिटरीवाल्यांना दिला, पोस्टमनलाही दिला. मी जनाबाईला घेऊन पुढच्याच रांगेत बसलो होतो. माझे नाव पुकारले नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि पुढची जत्रा तिला दिसली नाही. याचे मला आजही फार वाईट वाटते.

कलम ४. कारण लिहितो. पुंडलिक देसूरकर हा माझा शाळेपासूनचा सोबती, पुढे आमदार झाला. बेळगावच्या अधिवेशनात तो गावच्या ओढ्यावर पूल हवा म्हणून सभाध्यक्षांपुढे धरणे धरून बसला. हुकूम झाला आणि मी त्याला बाहेर नेले. गावाने टीव्हीवर पाहिले ते एवढेच, की आपला आमदार पूल मागतो आहे आणि आपलाच अप्पाजी त्याला पोत्यासारखा उचलतो आहे. मी गावाचा वैरी ठरलो. पुंडलिक पुढची निवडणूक त्याच चित्रावर जिंकला. पूलही झाला.

उचलण्याआधी सदस्याच्या कानाशी वाकून, चालत येता का, असे विचारण्याची आमची रीत होती. बरेच जण मुकाट्याने उठत. मी पुंडलिकलाही विचारले. आजूबाजूला कोणाला कळू नये म्हणून तो आमच्या गावच्या मराठीत म्हणाला, "अप्प्या, उचल की मला. टीव्हीवाले बघालेत."

जत्रेत शाली वाटायला तोच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. कानात बोललेले बाहेर सांगायचे नाही, हीसुद्धा आमची रीत, म्हणून मीही गप्प बसलो. निदान जनाबाईला तरी सांगायला हवे होते. सरकारी रीत पाळता पाळता घरचे माणूस मनात कुढत गेले.

कलम ५. माझे दहन गावातच, ओढ्याकाठी करावे. तिरडी त्या पुलावरून न्यावी. खांदा किरण, उमेश आणि जावई सुमंत यांनी द्यावा, आणि चौथा पुंडलिकने. त्याच्यावर आता राग नाही असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. राग आहे. तरी तो यावा, त्याच्याशिवाय मला गावात जायचे नाही. कलम चार गावात वाचू नये. खरे सांगायचे की नाही, ते त्याने ठरवावे. लोकांना भिऊन तो लांबच उभा राहिला, तर रूपाने जवळ जाऊन त्याच्या कानात एवढेच सांगावे: "काका, अप्पांचा निरोप आहे. पुंड्या, उचल की मला."

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. मजकूर त्यांना वाचायला दिलेला नाही.

स्थळ: रायापूर, धारवाड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: अप्पाजी निंगाप्पा मिराशी

साक्षीदार:
१. निवेदिता कुलकर्णी, वकील, विद्यानगर, हुबळी
२. बाळाचार्य जोशी, निवृत्त शिक्षक, केशवापूर, हुबळी