जगदेवीचा गल्ला

८ मार्च
मोहोळला महिला दिनाचं भाषण केलं. 'रोकड सोडा, फोन धरा' म्हणणाऱ्यांना आज सोडलं नाही! फोन नवऱ्याचा, खातं नवऱ्याचं — बाईने कोथिंबीर घेतली तरी त्याला मेसेज जातो. मग तिने साठवायचं कुठे? भाजीतून उरलेली चिल्लर, हीच तिची तिजोरी! सभागृह बायकांनी भरलेलं. शेवटी अशी पेटले की काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. टाळ्या थांबेनात!

११ मार्च
बोळातली जगदेवी येऊन गेली. नवऱ्यापासून लपवून माझ्याकडे ठेवलेला तिचा मातीचा गल्ला पुस्तकांच्या मागून काढून दिला. नाणी टाकून हलवून बघते — "बाई, जड लागतोय की!" लेकीला, ऋतुजाला, बार्शीच्या कॉलेजात घालायचंय. नवरा म्हणतो, पोरीला बारावी लई झाली.
"भाजीवाला म्हनतोय, सुटं न्हाईत, फोनवर टाका. मी म्हनलं, मग ठेव तुझी मेथी!"
दोघी हसलो.

१३ मार्च
मडिवाळप्पा आला — जगदेवीचा नवरा. चपलांसकट आत. सरळ कपाटाकडे!
"पुस्तकांच्या मागं हाय न्हवं?"
गल्ला काखेत मारला. "पोरगी कुटं जायची न्हाय. तुमी भाषणं करा, बाई."


१४ मार्च
जागा तिघांनाच ठाऊक. मी, जगदेवी — आणि सुबोध. माझा नवरा! बँकेतला माणूस, 'मातीत व्याज मिळत नाही' म्हणून हसायचा. तोंडावर विचारलं.
"मी कशाला सांगू, इंद्रायणी?"
डोळ्याला डोळा देऊन! इतिहासातले फितूर पुष्कळ वाचले. त्यांतल्या एकाला रोज जेवायला वाढत होते!

१५ मार्च
सुबोधने चहा करून ठेवला. मी बेसिनमध्ये ओतला.

१७ मार्च
जगदेवी बोळात दिसली. हाक मारली तर पदर ओढून पुढे. मागे धावले — अगं, माझ्याच घरात फितुरी झाली, सुबोधने...
"सायबांना कशाला बोल लावता, बाई?"
एवढंच. वळून बघितलंही नाही.

१८ मार्च
ऋतुजा आली. "बाबांच्या ग्रुपवर व्हिडिओ आलता," म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.
मोहोळचं व्यासपीठ. हात उंचावलेली बाई — "विचारा आमच्या शुक्रवार पेठेतल्या जगदेवीला! नवऱ्याला पत्ता नाही, गल्ला माझ्या पुस्तकांच्या मागे!"
मग टाळ्या. थांबेनात.