बलकावरची बंदी

४ फेब्रुवारी
लिही रे लठ्ठ्या, आधी तारीख घाल. लिहून घेणारा माझा लेक — मला अक्षरओळख नाही, आणि गुडघ्यामुळे त्याला पळून जाता येत नाही! दहा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले. आज आहारवाल्या बाईंकडे त्याचं वजन झालं. मीही गंमत म्हणून काट्यावर चढून घेतलं. सूनबाईंनी घरी येताच भात, बटाटा हद्दपार केले. लेकाला सकाळी दोन अंडी. पाव फक्त माझ्या ताटलीत.

५ फेब्रुवारी
वाद! सून म्हणते, "पावाभातानंच माणूस फुगतो, आई. अंडी खा." मग डॉक्टर ह्यांना म्हणाले होते ते काय? "लोणी बंद, बलक बंद, पाव खा हवा तेवढा." सून म्हणे, "तेव्हा तसं वाटायचं." बरं! म्हणजे अंडं निर्दोष सुटलं. हे बिचारे शेवटपर्यंत नुसतं पांढरं खाऊन गेले. तेव्हापासून मीही अंड्याला शिवले नाही.

२० फेब्रुवारी
दुपारी डोळा लागला. हे आले. पडद्यातून ऊन यावं तसे, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. हातात सोललेलं अंडं. "बलक चालतो म्हणे आता?" म्हटलं, चालतो. केवढे हरखले! मीही खुर्चीतून वर उचलली गेले, वाफेसारखी. फार छान वाटलं.

२१ फेब्रुवारी
काल सांगायचं राहिलं — जाताना म्हणाले, "येतेस?"

११ मार्च
माझा पाव दिसला की लेकाचे डोळे शाळेच्या पहिल्या दिवसासारखे होतात. मग सरकवते दोन्ही तुकडे. सूनबाई त्याची ताटली बघते, माझी कोण बघतंय! — लिही की! पेन का थांबलं? तोंडात पाव आहे होय! मला काय, चहा पुरतो. अंगठी हल्ली साबणाशिवाय निघते. चालताना पाय वाजत नाहीत. हे रोज येतात.

२४ मार्च
पुन्हा आहारवाल्या बाई. लेकाचा काटा तसूभर हलला नाही. सूनबाई रडकुंडीला. बाई मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही या बरं." मी चढले. पाच किलो उतरले होते — माझे! बाई लेकाकडे बघत म्हणाल्या, "पथ्य तुमचं आणि उपास ह्यांचा?"
लिही रे. कागद भिजवू नकोस.

२५ मार्च
लेकानं आज पाव माघारी सरकवला. अंडं सोललं, बलकासकट माझ्यापुढे ठेवलं, आणि मी संपवेपर्यंत समोरून उठला नाही.
दुपारी हे आले. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मला रोज दोन खायची आहेत.