बावीसवर अडकलेला हात

कोल्हापूर, ३ जून २०२५

प्रिय प्रसेनजीतदादास,
सप्रेम जयभीम.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते. अण्णांना लकवा मारला त्याला आठ महिने झाले. तू पाठवलेला यंत्राचा हातमोजा रोज दोनदा त्यांच्या उजव्या हातात घालते. बोटं किती हलली त्याचा शंभरपैकी आकडा माझ्या, तुझ्या आणि फिजिओ मॅडमच्या फोनवर येतो. दोन महिने बावीसच! फिजिओ मॅडम आता घरी येत नाहीत, दवाखान्यात बसून आकडा बघतात. साठ झाल्याशिवाय अण्णांना एकटं ठेवू नका म्हणतात.

मला नागपूरची सरकारी नर्सची ऑर्डर आली आहे. वीस तारखेला हजर झाले नाही तर नोकरी जाईल. तीन वर्षं रडत अभ्यास केलाय रे. अण्णांना महिनाभर तरी पुण्याला ने.

लोभ असू दे, ओरडू नकोस.
तुझी दीक्षा

कोल्हापूर, ६ जून

चि. प्रसेनजीतास अण्णाचा आशीर्वाद.

फोनवर बोललो तर दीक्षाच्या कानावर जाईल, म्हणून चिठ्ठी. अक्षर बघितलंस? उजव्या हातानंच लिवलंय. हात कवाच सुधारलाय. मोजा घातला की बोटं सैल सोडतो, मशीनला काय कळतंय! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हात गप कसा ठेवायचा तेवढं येतंय की. पोरगी नागपूरला गेली तर मला भाकरी कोण घालणार? तुझी बायको? ती मला दारात उभं करत न्हाय. तवा तूबी गप बस. शेजारच्या चिमणाबाईला पोस्टात टाकायला देतोय.

सुखी ऱ्हावा.
अण्णासो

पुणे, १२ जून

चि. दीक्षास,
जयभीम.

अण्णांचा हात बावीसवर आणि तुला नोकरीची घाई! यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. व्यायामात तूच कुचराई करतेस. इथे दोन खोल्या आहेत, जमणार नाही. साठ होईपर्यंत ऑर्डर विसर. लग्न नाही, पोर नाही, तुझं अडलंय काय?

शहाण्यासारखी वाग, माया आहेच.
प्रसेनजीत

कोल्हापूर, १८ जून

ती. अण्णांस,
जयभीम.

चिमणाबाईंचे गुडघे दुखतात. तुमचं पाकीट त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी उघडलं नाही, पत्ता बघूनच कळलं, तुमचा उजवा हात बरा आहे. अक्षरांवर तशी सरळ रेघ अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस ओढतो. तरी पोस्टात टाकलं. म्हटलं, दादाला दिसेल, तो तरी मला सोडवेल. त्याचं उत्तर वाचलं, तोही तुमच्याच बाजूचा निघाला.

मग तीन दिवस तुमच्या व्यायामाच्या वेळी फोन बंद ठेवला आणि नंतर तुमच्या नकळत मोजा मी माझ्या हातात घातला, दर वेळी बोटं थोडी जास्त हलवली. काल चौऱ्याण्णव झाले. मॅडमचा लगेच फोन! पेशंट बरा झाला, आता एकटं ठेवलं तरी चालेल, पेढे द्या म्हणाल्या. दादालाही आकडा पोचलाय. त्याचं यंत्र खोटं बोलत नाही.

हे वाचाल तेव्हा मी नागपूरच्या गाडीत असेन. पीठ डब्यात आहे. भाकरी थापायला दोन हात लागतात. तुमचे दोन्ही चांगले आहेत.

आशीर्वाद मागत नाही.
दीक्षा